दुसरंच पान

४ फेब्रुवारी

मावशी,

तुला नमस्कार. तुझ्या डाव्या कानाला वेगळा नमस्कार, उजव्याचा तू कधीच नाद सोडलास. फोनवर मी घसा फोडून बोलतो, तुला काही कळत नाही आणि आमच्या जिन्यातल्या सगळ्यांना कळतं, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं.

तुझ्या जागी उभं राहून पहिला कोर्स सुरू केला. ब्रेडचा कारखाना आहे. वरच्या मजल्यावरची खोली दिली आहे, खाली भट्ट्या, त्यामुळे फरशी पायाला कोमट लागते आणि दुपारी सगळ्यांच्या डोळ्यांवर झापड येते. विषय यंत्रावरची सुरक्षितता. तू लिहिलेलं वर्कबुक प्रत्येकापुढे नीट ठेवलं होतं. मी दिवसभर बोललो. पडद्यावर चित्रं दाखवली. संध्याकाळी वह्या चाळल्या तर नावापलीकडे एक अक्षर नाही. एकाने वहीवर चहाचा पेला ठेवला होता, एकजण तिने वारा घेत होता, आणि एका काकांनी कोपरा फाडून त्याने कान साफ केला. माझ्यासमोर!

दर सोमवारी एक दिवस, असे अजून तीन सोमवार आहेत. कोर्स चांगला झाला तर वर्षभराचं काम देऊ म्हणालेत एचआरवाले साहेब. तू इतकी वर्षं ह्याच वह्या लोकांकडून भरून घेतल्यास. काय करायचीस ते सांग, नाहीतर तुझ्या भाच्याचं बस्तान बसायच्या आधीच उठणार.

तुझा,
भोपळ्या


९ फेब्रुवारी

चि. भोपळ्या,

काकांनी कान साफ केला हे वाचून हसू आलं. निदान एकाला तरी वही उपयोगी पडली.

तुझी चूक सांगू? तू बोललास. दिवसभर तूच बोललास तर ते लिहिणार कधी? सगळं तूच सांगून टाकलंस आणि शेवटी म्हणालास, ‘आता वहीत लिहा.’ मग ते काय लिहिणार, तुझंच तुला परत? आधी लिहायला लाव, मग बोल. ‘तुमचं यंत्र कुठे अडतं?’ एवढं विचार आणि तोंड मिटून खिडकीपाशी जाऊन उभा राहा. पहिली काही मिनिटं कोणी हलणार नाही, तुझी पाचावर धारण बसेल, तरी बोलू नकोस.

पेनं काढून घे, पेन्सिली दे. पेनाने लिहिलेलं चुकलं तर दिसतं, म्हणून माणूस लिहीतच नाही. पहिल्या पानावर ज्याला त्याला आपल्या यंत्राचं चित्र काढू दे. वाकडं येईल, एकमेकांची बघून हसतील, तिथून हात सुटतो. दर सोमवारी सकाळी मागच्या खेपेचं पान उघडायला सांग आणि त्या आठवड्यात काय वेगळं घडलं ते त्याच पानाच्या समासात लिहायला लाव. आणि तूही एक वही घेऊन त्यांच्यात बस. मास्तर लिहितोय म्हटल्यावर बाकीच्यांना लाज वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. शेवटाकडे ‘नियम सांगतो एक, मी करतो ते दुसरंच’ असं पान आहे. मी त्याला दुसरंच पान म्हणते. आपण रोज कुठला नियम मोडतो आणि का, ते तिथे लिहायचं. सगळा कोर्स त्या पानासाठी आहे. एकदा आपल्या हाताने लिहिलं की माणूस घरी जाऊन त्यावर विचार करतो, तुझ्यामाझ्या भाषणावर नाही करत. पण हे पान उघडायच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर मी छापलेलं वाक्य मोठ्याने वाच: ‘ही वही तुमची आहे. ती कोणी मागणार नाही, कोणी तपासणार नाही.’ आणि संध्याकाळी वह्या चाळणं बंद कर. पहिल्या दिवशी चाळल्यास तेवढं पुरे.

थंडीत मफलर घालत जा. तुझा गळा आता पोटाचा धंदा आहे.

मावशी


१ मार्च

मावशी,

तुझ्या पायाचं तीर्थ बाटलीत भरून पाठव, मी रोज घेईन!

पेन्सिली दिल्या. खिडकीपाशी उभा राहिलो, खोलीकडे पाठ करून जिभेला दातांत धरून. आणि लिहिलं गं त्यांनी. चित्रं तर अशी काढली की मिक्सरवाल्या काकांचं यंत्र बघून सगळी खोली खिदळली, त्यांना कोणीतरी विचारलं, ‘ही म्हैस कोणाची?’ गेल्या सोमवारी दुसरंच पान केलं. तुझं वाक्य दोनदा वाचलं. ब्रेड कापायच्या यंत्रावर एक ताई आहेत, उंच, सगळे त्यांना शिडी म्हणतात आणि त्या हसतात. त्यांनी पान पुरलं नाही म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवरही लिहिलं. लिहिताना जीभ बाहेर काढून, शाळेतल्या मुलीसारखं. जाताना म्हणाल्या, ‘सर, हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं.’

कोर्स संपला. शेवटच्या दिवशी एचआरवाल्या साहेबांनी केबिनमध्ये चहा पाजला. लोकांनी भरलेल्या वह्या बघून फार खूश झाले. म्हणाले, असा कोर्स आमच्याकडे झालाच नव्हता. वर्षभराचं काम जवळजवळ पक्कं.

तुझा,
फुगलेला भोपळ्या


६ मार्च

चि. भोपळ्या,

शाबास. तुझं पत्र मी खालच्या डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं, म्हशीसकट.

एक शंका. साहेब वह्या ‘बघून’ खूश झाले म्हणजे? लांबूनच ना? शेवटच्या दिवशी मी नेहमी दाराशी उभी राहायचे आणि प्रत्येकाच्या पिशवीत वही जाते की नाही ते बघायचे. काहीजण विसरून जातात, मग मी जिन्यातून हाका मारायचे. म्हणून विचारलं. म्हातारीची खोड समज.

शिडीताईंनी काय लिहिलं ते मला कळवू नकोस. तुलाही माहीत नसेलच.

मावशी


२२ मार्च

मावशी,

उत्तराला उशीर झाला, कामात होतो. हो, लांबूनच.

काम पक्कं झालं, सहीही झाली. आता नव्या वह्या छापायला टाकायच्या आहेत, तेव्हा एक विचारतो. ते दुसरंच पान काढून टाकलं तर? हल्लीच्या कारखान्यांत सगळीकडे कॅमेरे आहेत, असं कोणाला लिहायला लावणं जरा जुनाट वाटतं. त्याऐवजी बरोबर-चूक अशा खुणा करायचं पान घालू. साहेबांचंही तेच मत आहे.

तब्येतीला जप.

भाचा


२८ मार्च

चिरंजीव,

जुनाट. बरं.

मी जुनी झाले, माझा कान जुना झाला, वही जुनी होणारच. छाप तुला हवी तशी. बरोबर-चूक खुणा करायला लोक आनंदाने तयार होतील, कारण बरोबर कुठे खूण करायची ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. शिकणं मात्र त्यात औषधालाही नसतं. फक्त वहीच्या मागे माझं नाव आणि पत्ता आहे, ‘शंका असल्यास लिहा’ म्हणून, तो काढ. बरोबर-चूकमध्ये कोणाला शंका येत नाही.

तू पत्राखाली ‘भाचा’ लिहिलंस. भोपळ्या कुठे गेला? काम मिळालं की माणूस मोठा होतो, हे मला कळायला हवं होतं.

मावशी


११ एप्रिल

भोपळ्या,

मला काल एक पत्र आलं. मूळ पत्र माझ्याजवळ ठेवते आणि खाली जसंच्या तसं उतरवून पाठवते. माझ्याकडून आज एवढंच.

मावशी

‘बाईंना नमस्कार. मैत्रिणीच्या वहीच्या मागे तुमचा पत्ता होता म्हणून लिहिते. मी ब्रेडच्या कारखान्यात कापायच्या मशीनवर होते. सरांनी कोर्स घेतला तेव्हा मीपण होते. फार छान शिकवलं सरांनी.

त्या दुसऱ्याच पानावर मी खरं लिहिलं. ब्रेड अडकला की मशीनची जाळी उचलायची, जाळी उचलली की मशीन आपोआप थांबतं, असा नियम आहे. पण थांबलं की परत सुरू करायला वेळ जातो आणि मागून ब्रेड येतच राहतात, खाली पडतात, मग ओरडा बसतो. म्हणून मी जाळीच्या बटणाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावते. मग जाळी उघडी असली तरी मशीन चालू राहतं. मी चालत्या पात्यांत हात घालते. हे लिहिलं आणि त्या दिवशी घरी गेल्यावर मला झोप आली नाही, माझीच बोटं मी मोजत बसले. दुसऱ्या दिवशी चिमटा काढून टाकला. खोटं नाही सांगत.

पण नंतर मला केबिनमध्ये बोलावलं. माझी वही टेबलावर होती. माझंच अक्षर मला दाखवलं आणि म्हणाले, राजीनाम्यावर सही कर. आता मी घरी आहे. दुसरीकडे विचारलं तर तिथेही म्हणतात, आधीचं काम का सुटलं.

सरांनी शेवटच्या दिवशी वह्या गोळा केल्या होत्या, कव्हर घालून उद्या देतो म्हणाले. कव्हरवाल्याकडून कोणीतरी उचलली असेल. सरांना ह्यातलं काही माहीत नसणार. त्यांना सांगू नका, उगाच मनाला लावून घेतील. चांगला मुलगा आहे. त्यांची पेन्सिल माझ्याकडेच राहिली, ती द्यायची आहे.

तुमच्यावर माझा राग नाही. पण वही तुमची आहे, तर तुम्ही कारखान्याला दोन ओळी लिहाल का, की ते पान त्यासाठी नव्हतं म्हणून?’


१५ एप्रिल

मावशी,

चौथ्यांदा लिहितो आहे, आधीचे तीन कागद फाडले.

कव्हरवाला नव्हताच. साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, एक तासभर वह्या द्या, लोक कसं लिहितात ते बघू, वरच्यांना दाखवायला बरं पडेल. मी म्हटलं, त्या लोकांच्या आहेत. ते हसले आणि म्हणाले, ‘अहो, छपाईचे पैसे आम्ही दिलेत.’ आणि मला हसू आलं, मावशी. त्यांच्याबरोबर मीही हसलो. मग वर आलो आणि लोकांना कव्हरची थाप मारली. कोणी एकाने विचारलंसुद्धा नाही, कसली कव्हरं. ताईंनी तर स्वतःची वही आधी पुसली आणि मग माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना वह्या परत मिळाल्या. ताईंची नव्हती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं. वाटलं, समज देऊन सोडतील. पंधरा दिवसांनी कराराच्या सहीसाठी गेलो तर कापायच्या मशीनवर दुसरीच बाई होती. मी विचारलं नाही. सही केली आणि त्यांच्याच गाडीतून घरी आलो. त्यानंतर तुला लिहिलं, लांबूनच म्हणून. ते पान काढायचं म्हणालो ते जुनाट म्हणून नव्हे. मला छापलेलं ते पान नजरेसमोर नको झालं होतं.

सगळ्यांनी थोडं थोडं लिहिलं होतं. बाकीच्यांनी एकेक ओळ. जिने सगळ्यांत मनापासून वही भरली तीच सापडली, आणि तिला मनापासून लिहायला मीच शिकवलं. आणि ती म्हणते, सरांना सांगू नका.

एक सुचतं आहे. परत द्यायच्या आधी त्या रात्री मी वह्या चाळल्या होत्या, तू नको म्हणालीस तरी. चिमटा आणखी दोघं लावतात. हे साहेबांपुढे मांडलं तर एकटीलाच का, असं भांडता येईल. मांडू का? मावशी, मला झोप नाही. मला काहीतरी रागावून तरी लिही.

भोपळ्या


१९ एप्रिल

भोपळ्या,

रागावणार नाही. रागावले की तुला हलकं वाटेल, आणि इतक्या लवकर तुला हलकं वाटू नये असं मला वाटतं.

दोघांची नावं सांगून एकीला सोडवणार? एक वही उघडी केलीस तेवढी पुरे झाली. बाकीच्यांची पानं तुझ्या तोंडातून बाहेर पडली तर माझं तुझं नातं राहील, पण तू पुन्हा माझी वही हातात धरायची नाहीस.

मीही ह्यातून सुटत नाही. ‘कोणी मागणार नाही’ असं मी बिनदिक्कत छापलं. कारखाना मागेल तेव्हा दाराशी कोण उभं राहणार, ह्याचा विचार केला नाही, कारण दाराशी मी होते. माझा कान गेला, मी दारातून बाजूला झाले आणि वाक्य तेवढं तुझ्या हवाली केलं. शिडीताईंनी विश्वास ठेवला तो माझ्या छापील अक्षरांवर. मी कारखान्याला पत्र लिहिलं आहे, आजच टाकते. पण माझ्या पत्राने काय होणार? ती वही माझ्या हातून गेलेली नाही.

तू जा. आधी तिच्याकडे, मग साहेबांकडे. हाच क्रम ठेव. आधी साहेबांकडे गेलास तर काम वाचवायची काहीतरी युक्ती तुला तिथेच सुचेल, तुला मी लहानपणापासून ओळखते.

आणि एक विचारते. मी सांगितलं होतं, तूही एक वही घेऊन त्यांच्यात बस. दुसऱ्याच पानावर तू काय लिहिलंस?

मावशी


६ मे

मावशी,

काही नाही लिहिलं. सगळे लिहीत होते तेव्हा मी खिडकी लावल्यासारखं केलं. माझं ते पान कोरं आहे.

ताईंकडे गेलो. दोन खोल्या, बाहेर दोरीवर कपडे वाळत होते आणि दोरीवरचे चिमटे बघून मला आत पाऊल टाकवेना. त्यांनीच ‘सर!’ म्हणून हाक मारली, पाणी दिलं, खुर्चीवरचं मूल उचलून खुर्ची पुढे केली. मी उभ्यानेच सांगितलं. कव्हरवाला, चहा, हसलो ते, मशीनवर दुसरी बाई बघूनही विचारलं नाही ते. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी मूल खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘मी वही पुसून दिली होती ना?’ मी म्हटलं, हो. म्हणाल्या, ‘पीठ लागलं होतं म्हणून पुसली.’ एवढंच. रडल्या नाहीत, पुन्हा बसा म्हणाल्या नाहीत. पेन्सिल आणून हातात दिली आणि दार लावून घेतलं. जोरात नाही, नेहमीसारखं लावलं.

तिथून कारखान्यात गेलो. साहेबांच्याही वरच्या मोठ्या साहेबांपुढे साहेबांच्या देखत सांगितलं, की ही वही मी थाप मारून गोळा केली, लोकांना दिलेलं वचन मी मोडलं, आणि अशा वहीवर कोणाला घरी बसवता येत असेल तर पहिला मी बसतो. तुझं पत्रही त्यांच्या टेबलावर होतं. मोठ्या साहेबांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, चिमटा लावावा लागतो ह्याचा अर्थ मागचा पट्टा जोरात चालतो, ते मला कोणी का सांगितलं नाही? एचआरवाले साहेब माझ्याकडे बघत होते, जणू मी त्यांचा चहा सांडला.

ताईंना परत घेतलं. मशीनवर नाही, पॅकिंगला. पगार थोडा कमी. त्यांची वही मला परत मिळाली, त्यातलं ते पान कापून घेतलेलं. माझा करार मात्र गेला, आणि ‘ह्या माणसापासून सांभाळून’ ही बातमी दुसऱ्या कारखान्यांत माझ्या आधी पोचते आहे. तू म्हणशील, बरं झालं. मीही तेच म्हणतो, पण रोज म्हणावं लागतं.

ताईंना एक नवी वही पाठवली. सोबत चिठ्ठी नाही जोडली, काय लिहिणार? कोरी पाठवली, पहिल्या पानावरच्या तुझ्या वाक्यासकट. ते वाक्य खोडावं का, ह्याच विचारात अर्धा दिवस गेला. नाही खोडलं.

भोपळ्या


२ जून

सर,

वही पोचली. पहिल्या पानावर पॅकिंगच्या टेबलाचं चित्र काढलं आहे, म्हशीपेक्षा बरं आलं आहे. पॅकिंगचं काम सोपं आहे पण दिवस जाता जात नाही. मागच्या पट्ट्याचा वेग कमी केला आहे म्हणतात. माझ्या जागेवरची बाई मला तिथून हात हलवते.

मला अजून तुमचा राग आहे. कमी होईल तेव्हा सांगेन, आत्ता नाही झाला.

नव्या वहीतलं ते दुसरंच पान मी भरणार नाही. ते मी सुरीने नीट कापून ह्या पाकिटात घातलं आहे. ते तुम्ही भरा. नियम काय होता आणि तुम्ही काय केलंत ते लिहा, खिडकीपाशी जाऊ नका. पेन्सिलीने लिहिलं तरी चालेल. लिहून मला परत पाठवा.

मी कोणाला देणार नाही.